कट्ट्यावरची मुले आणि आपली शिबिरे

गेल्या दोन अंकांपासून शहरांतील वस्त्यांमध्ये राहणाऱ्या तरुणांविषयी बरीच पत्रे येत आहेत. सांगली, मिरज, कुपवाड आणि सातारा येथून आलेल्या पत्रांपैकी पाच या वेळी निवडली आहेत. पत्रलेखकांच्या इच्छेनुसार त्यांची नावे छापलेली नाहीत. वस्त्यांची नावे मात्र मी स्वतःहून टाळली आहेत, कारण एखाद्या वस्तीचे नाव अशा संदर्भात छापून आले की तिथल्या मुलाला नोकरी मागायला गेल्यावर पत्ता सांगताना अडखळावे लागते, हे मी पाहिले आहे.

प्रश्न : मी सांगलीतील एका महाविद्यालयात राष्ट्रीय सेवा योजनेची कार्यक्रम अधिकारी आहे. यंदाच्या विशेष शिबिरासाठी आम्ही खेड्याऐवजी शहरातलीच एक वस्ती निवडली. विद्यार्थ्यांनी गटारे साफ केली, व्यसनमुक्तीवर पथनाट्य केले, आरोग्य तपासणी ठेवली. बायका आणि लहान मुले आली. पण वस्तीतले 18 ते 25 वयाचे तरुण सातही दिवस टपरीपाशी उभे राहून नुसते पाहत होते. एकानेही फावडे हातात घेतले नाही. आमचे विद्यार्थी त्यामुळे फार नाराज झाले. या तरुणांना समाजकार्यात कसे ओढावे?
— एक प्राध्यापिका, सांगली

उत्तर : तुमच्या विद्यार्थ्यांची नाराजी खरी आहे आणि ती तुम्ही लपवली नाही, याबद्दल मला तुमच्याविषयी आदर वाटतो. तरीही थोडा वेळ त्या टपरीपाशी जाऊन उभ्या राहा आणि तिथून आपल्या शिबिराकडे पाहा. ज्या गटाराच्या कडेने ती मुले लहानाची मोठी झाली, ते साफ करायला त्यांच्याच वयाची, हातमोजे घातलेली मुले बाहेरून आली. पथनाट्यात जो दारुडा बाप दाखवला गेला, तो कोणत्या घरातला आहे हे कुणी सांगायची गरज नव्हती. पाहणाऱ्यांमध्ये त्याची बायको आणि मुले बसलेली असतील. अशा वेळी फावडे हातात घेणे म्हणजे आपली वस्ती घाण आहे आणि ती साफ करण्याची बुद्धी आपल्याला इतरांमुळे झाली, असे चारचौघांत कबूल करणे होय. कोणताही स्वाभिमानी तरुण ते करणार नाही.

2019 च्या महापुरानंतरची एक गोष्ट सांगते. पाणी ओसरल्यावर मी मदतीच्या याद्या करण्यासाठी नदीकाठच्या एका वस्तीत गेले होते. होड्या पोहोचण्याआधी तिथल्या मुलांनी ट्रकच्या टायरची ट्यूब फुगवून तिच्यावर घराच्या दाराची एक फळी दोरीने बांधली होती आणि तीवरून म्हाताऱ्या माणसांना रस्त्यापर्यंत आणले होते. मी गेले तेव्हा ती फळी समाजमंदिराच्या भिंतीला टेकवून ठेवलेली होती. तिच्या कडेची बिजागरी तशीच होती आणि निम्म्या उंचीवर चिखलाची रेघ वाळली होती. त्याच समाजमंदिरात बाहेरून आलेले स्वयंसेवक धान्याचे किट वाटत होते आणि ही मुले रांगेत उभी होती. त्यातला एक जण मला म्हणाला, “ताई, कोण कुठं राहतंय, कुणाच्या घरात किती माणसं हाईत, समदं आम्हाला पाठ हाय. पण आम्हाला कुणी विचारलंच न्हाई.” त्या वाक्यानंतर ‘ओढावे’ हा शब्द मी वापरणे सोडले आहे.

ही मुले समाजकार्याबाहेर नाहीत. गणपतीचा मांडव, बाबासाहेबांची जयंती, शिवजयंती, मोहरमचे पंजे, उरुसातले सरबत, यांतले काय त्यांच्यावाचून होते? वस्तीत मयत झाली तर रात्री दोन वाजता लाकडे आणायला किंवा कबर खणायला तीच जातात. वर्गणी गोळा करणे, हिशेब ठेवणे, परवानगीसाठी पोलीस ठाण्यात जाणे, गर्दी सांभाळणे, भांडण मिटवणे ही सारी कार्यकर्त्याची कौशल्ये त्यांच्याकडे आधीच असतात. आपण त्यांना स्वयंसेवक म्हणत नाही, एवढेच. त्यामुळे त्यांना आपल्या कामात कसे आणावे हा प्रश्न बाजूला ठेवून, ते करीत असलेल्या कामाला आपण कुठे हातभार लावू शकतो, हे आधी विचारावे लागते. नागपूरला क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी पावसात फुटक्या बादलीला लाथा मारत खेळणारी झोपडपट्टीतली मुले पाहिली आणि 2001 मध्ये त्यांच्यासाठी फुटबॉल सुरू केला. मुले जे खेळत होती तिथूनच त्यांनी सुरुवात केली आणि पुढे त्यातलीच काही मुले इतरांची प्रशिक्षक झाली.

मुलांच्या सहभागाचा अभ्यास करणारे रॉजर हार्ट यांनी 1992 मध्ये युनिसेफसाठी केलेल्या मांडणीत सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी दाखवली आहे. तिच्या खालच्या तीन पायऱ्यांना ते सहभाग म्हणायलाच तयार नाहीत : मुलांना मोठ्यांच्या हेतूसाठी वापरून घेणे, त्यांना शोभेसाठी उभे करणे आणि त्यांना नावापुरती जागा देणे. टोपी-टीशर्ट देऊन रॅलीत चालवणे ही दुसरी पायरी झाली. समितीत वस्तीतला एक मुलगा घेणे, पण बैठक दुपारी तीनला महाविद्यालयात ठेवणे ही तिसरी. वरच्या पायऱ्यांवर काम काय करायचे याचा निर्णय मुलांबरोबर होतो, आणि शेवटी तर मुलेच काम सुचवतात व मोठी माणसे त्यात सामील होतात. तुमचे शिबिर नेमक्या कोणत्या पायरीवर होते, हे विद्यार्थ्यांना मोकळेपणाने ठरवू द्या. ती चर्चा पथनाट्याहून अधिक मोलाची ठरेल.

आता व्यवहाराचे. राष्ट्रीय सेवा योजना 24 सप्टेंबर 1969 रोजी, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षात, 37 विद्यापीठांत सुरू झाली. तिच्या रचनेत सात दिवसांचे शिबिर आहे, तसेच दर विद्यार्थ्यामागे वर्षाला 120 तासांचे नियमित कामही आहे. आपण सारा जोर त्या सात दिवसांवर देतो आणि उरलेले तास परिसर स्वच्छतेत आणि जयंती-पुण्यतिथीत संपवतो. वस्तीच्या दृष्टीने ते 120 तासच कामाचे आहेत. पाच-सहा विद्यार्थ्यांनी आठवड्यातून एकदा, ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी वर्षभर जायचे आणि पहिले दोन महिने कोणताही कार्यक्रम करायचा नाही, एवढे पथ्य पाळले तरी चित्र पालटते. वेळ मात्र त्यांची धरावी लागेल. मार्केट यार्डात हमाली करणारा मुलगा पहाटे जातो, कारखान्यातला पाळीप्रमाणे जातो आणि त्याची सुट्टी रविवारीच असते असे नाही, चायनीजच्या गाड्यावर काम करणारा रात्री अकराला मोकळा होतो. महाविद्यालयाच्या वेळापत्रकात बसणारी सकाळी अकराची वेळ तिथे फक्त टपरीपाशी उभ्या असलेल्यांना सोयीची असते, आणि मग वस्तीतले सगळे तरुण टपरीवरच असतात असा आपला समज होतो.

अशाच एका गटाने पुढे काय केले ते पाहा. दोन महिने नुसते येणेजाणे झाल्यावर मुलांनी स्वतःच विषय काढला : सार्वजनिक नळाला पाणी कधी येईल याचा भरवसा नाही आणि त्यापायी आयांचा रोजगार बुडतो. एका शंभर पानी वहीत त्यांनी 21 दिवस रोज नोंद केली. पाणी किती वाजता आले, किती वाजता गेले, किती घरांच्या घागरी रिकाम्या परत गेल्या. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी त्या नोंदींचा तक्ता करून दिला; अर्ज मुलांनी स्वतः लिहिला आणि संबंधित कार्यालयात तेच घेऊन गेले. तीन खेपांनंतर पाण्याची वेळ ठरली. मुंबईत ‘पुकार’ ही संस्था वस्त्यांतल्या तरुणांना स्वतःच्या परिसराचे संशोधक म्हणून उभे करत आली आहे. आमच्याकडे ते एका वहीवर झाले. त्यानंतर गटार साफ करण्याची कल्पना निघाली ती मुलांकडूनच, आणि फावडी तुमच्यासारख्याच एका महाविद्यालयाने दिली.

एक शब्द खटकतो म्हणून जाता जाता सांगते. योजनेच्या कागदपत्रांत आपण वस्ती ‘दत्तक’ घेतो. ज्या वस्तीला आईबाप आहेत, तिच्यापुढे हा शब्द उच्चारू नका.

प्रश्न : मी कुपवाडच्या एका वस्तीत राहतो. वय 19. दहावीनंतर शिक्षण सुटले. ठेकेदारामार्फत कारखान्यात कामाला जातो. एक संस्था आमच्या भागात येते आणि दर सुट्टीच्या दिवशी स्वयंसेवक म्हणून बोलावते. काम चांगले आहे, पण घरचे म्हणतात की हे फुकट राबणे आहे. संस्थेचे लोक पगार घेतात आणि आम्ही मात्र सेवा करायची. यातून मला काय मिळणार? असे विचारणे चूक आहे का?
— एक वाचक, कुपवाड

उत्तर : अजिबात चूक नाही. उलट, असे विचारणारा माणूस पुढे चांगला कार्यकर्ता होतो असा माझा अनुभव आहे, कारण त्याला हिशेब कळतो. ज्याच्या घरी महिन्याच्या शेवटी डबा रिकामा होत नाही त्याने दिलेला एक दिवस आणि तुम्ही दिलेला एक दिवस यांचे मोल सारखे नाही, हे बोलावणाऱ्या संस्थेने ध्यानात घ्यायलाच हवे.

आपल्या भागात या प्रश्नाचे उत्तर फार पूर्वी दिले गेले आहे. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी 1919 मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि 1924 मध्ये साताऱ्यात वसतिगृह काढले. तिथे सर्व जातींची मुले एकत्र राहत, स्वतः स्वयंपाक करीत, शेतात राबत. ‘कमवा आणि शिका’ हे त्या कामाचे सूत्र होते आणि ‘स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद’ हे बोधवाक्य. त्या मुलांनी भरपूर श्रम केले, पण त्या श्रमांच्या बदल्यात त्यांना शिक्षण मिळाले आणि आपण काय देतो व काय घेतो हे त्यांना ठाऊक होते. गरिबाच्या मुलाने निव्वळ देत राहावे, असे कर्मवीरांनी कधी मानले नाही.

तेव्हा संस्थेला सरळ विचारा. जाण्यायेण्याचे भाडे आणि मोबाइलचा खर्च कोण देणार? काम जेवणाच्या वेळेपलीकडे गेले तर जेवण आहे का? जे काम मला सांगता ते करण्यासाठी आधी पगारी माणूस होता का? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ‘होय’ असेल, तर ती सेवा नाही. ते एका माणसाचे काम काढून दुसऱ्याकडून फुकट करून घेणे आहे, आणि त्याला तुम्ही नम्रपणे नकार द्यावा. एखाद्या दिवशी खाडा करून यावे लागत असेल तर त्या दिवसाचे मानधन मागण्यात कमीपणा नाही. माझ्या माहितीतल्या चांगल्या संस्था ते न मागता देतात.

तुम्हाला काय मिळेल, हेही ठोसपणे मागावे. ‘सहभागाबद्दल’ असे लिहिलेले प्रमाणपत्र फारसे उपयोगी पडत नाही. तुम्ही कोणते काम, किती महिने, किती लोकांसाठी केले आणि त्यात तुमची जबाबदारी काय होती, असे संस्थेच्या शिक्क्यानिशी लिहिलेले पत्र मागा. प्रथमोपचाराचे, संगणकाचे किंवा हिशेब लिहिण्याचे प्रशिक्षण मागा. आणि सुटलेल्या शिक्षणाचे काय, हेही बोला; 17 नंबरचा अर्ज भरून बारावीला बाहेरून बसता येते आणि त्यासाठी कुणी अभ्यास घेणार असेल तर ती तुमच्या सुट्टीच्या दिवसाची रास्त परतफेड आहे.

कोणते काम निवडावे असे तुम्ही विचारलेले नाही, पण एक सुचवते. शिक्षण हक्क कायद्यानुसार खासगी विनाअनुदानित शाळांमध्ये 25 टक्के जागा वंचित व दुर्बल घटकांतील मुलांसाठी असतात. अर्ज ऑनलाइन भरायचा असतो आणि त्याला शुल्क नाही. तरीही वस्तीतले अनेक पालक कागदांअभावी किंवा तारीख न कळल्यामुळे मागे राहतात, नाहीतर कुणाला तरी पैसे देऊन अर्ज भरून घेतात. उत्पन्नाचे आणि जातीचे दाखले ठरलेल्या मुदतीत मिळणे हा 2015 च्या लोकसेवा हक्क अधिनियमाने नागरिकाचा हक्क झाला आहे, हेही पुष्कळांना माहीत नसते. तुमच्या गल्लीतल्या पाच-दहा घरांचे कागद जरी तुम्ही मुदतीत लावून दिलेत, तरी तुमचे घरचे लोक हे फुकट राबणे आहे असे म्हणणार नाहीत, कारण त्यांच्या दारात रोज कुणीतरी तुम्हाला विचारत येईल.

प्रश्न : आम्ही चार निवृत्त शिक्षिका मिरजेतील एका वस्तीत रविवारी सकाळी अभ्यासवर्ग घेतो. नववी-दहावीच्या मुलामुलींनी लहानांना शिकवावे असा बेत होता. मुलगे टिकले, मुली मात्र दोन महिन्यांत गळाल्या. आया ‘घरात काम आहे’ एवढेच सांगतात. शिवाय परवा एका मुलीकडून कळले की आमच्या वर्गातल्या 16 वर्षांच्या एका स्वयंसेविकेचे लग्न ठरवत आहेत. आम्ही काय करावे?
— एक निवृत्त शिक्षिका, मिरज

उत्तर : आधी दुसरा भाग, कारण त्याला वेळ नाही. बालविवाह प्रतिबंध कायदा 2006 नुसार मुलीचे वय 18 पूर्ण झाल्याशिवाय विवाह करणे गुन्हा आहे. 1098 ही बालकांसाठीची मदतवाहिनी दिवसरात्र चालू असते आणि तिला फोन करायला पैसे पडत नाहीत. तिथे कळवा, जिल्हा बाल संरक्षण कक्षाशी बोला आणि गरज पडल्यास बालकल्याण समितीकडे जा. ज्या मुलीने तुम्हाला सांगितले तिचे नाव कुठेही येऊ देऊ नका, आणि वर्गातल्या इतर मुलींना त्या घरी समजूत घालायला मुळीच पाठवू नका. तुमच्या स्वयंसेविका धीट असतील. परंतु त्या त्याच गल्लीत राहतात आणि तुम्ही रिक्षाने घरी परत जाता. हे ओझे मोठ्यांनीच उचलायचे आहे. तिच्या आईला मात्र तुम्ही स्वतः जाऊन भेटा, आणि कायद्याआधी तिची काळजी ऐकून घ्या. बहुतेक वेळा त्या काळजीत हुंड्याचा आकडा असतो, रात्रपाळीला जाणारे आईबाप असतात आणि घराला नीट न लागणारी कडी असते.

आता मुली का गळाल्या ते. रविवारची सकाळ म्हणजे तुमच्यासाठी मोकळा वेळ; त्या मुलींसाठी आठवड्यातली सर्वांत कामाची वेळ. आई रविवारीही धुण्याभांड्याला चार घरी जाते, आणि तिथे पाहुणे असतात म्हणून उशिरा परतते. पाणी भरणे, आठवड्याचे कपडे, धाकटी भावंडे हे सारे त्या मुलीवर येते. मी पाहिलेल्या एका वर्गात नववीतली एक मुलगी दीड वर्षाच्या भावाला कमरेवर घेऊन पहिलीच्या मुलांना बाराखडी शिकवत असे. भाऊ रडला की ती शिकवता शिकवताच त्याला हलवी, आणि फळ्यावरचे अक्षर वाकडे होई. शिक्षिकेने तिला ‘उद्यापासून त्याला घरी ठेवून ये’ असे प्रेमाने सांगितले, आणि ती यायचीच बंद झाली. पुढे तिथल्या कार्यकर्तीने एक चटई, काही रिकाम्या डब्या आणि ठोकळे आणून कोपऱ्यात धाकट्यांसाठी जागा केली, आणि त्यांच्याकडे पाहायला वस्तीतल्याच एका आजींना बोलावले. पंधरा दिवसांत ती मुलगी परत आली आणि येताना आणखी तिघींना घेऊन आली.

तेव्हा वेळ बदला. संध्याकाळी साडेचार ते सहा ही वेळ मुलींना अनेक ठिकाणी जमते, कारण अंधार पडायच्या आत त्या घरी पोहोचतात. जागा अशी हवी की आईला दारातून दिसावी किंवा हाकेच्या अंतरावर असावी. तिथे मुलींना जाता येईल असे, आतून कडी लागणारे स्वच्छतागृह आहे का, हे आज संध्याकाळीच पाहून घ्या. नसेल तर मुली का गळतात याचे निम्मे उत्तर तिथेच मिळेल आणि त्या ते तोंडाने कधीच सांगणार नाहीत.

आयांशी ओळख वर्गातून होत नाही. बचत गटाची बैठक असते तिथे जाऊन बसा. तुम्ही शिकवायला आला आहात असे नव्हे, तर तुमची मुलगी आम्हाला मदत करते आहे म्हणून आभार मानायला आलो आहोत असे सांगा, आणि ते मनापासून सांगा, कारण ते खरे आहे. आपल्या मुलीचे नाव चार बायकांसमोर मानाने घेतले गेले, हे त्या आईला फार दिवसांत ऐकायला मिळालेले नसते.

आणि मुलींना काही तरी सोपवा. सगळी कामे ‘मदतनीस’ म्हणूनच दिली, तर ती घरातल्या कामांहून वेगळी कशी वाटावीत? एका अभ्यासिकेची किल्ली दहावीतल्या एका मुलीकडे दिली होती. ती मुलगी किल्ली ओढणीच्या टोकाला गाठ मारून ठेवीत असे. साडेचारला कुलूप उघडायचे म्हणून ती चारपर्यंत घरची कामे उरकी, आणि बापाने एकदा ‘आज जायचं नाही’ म्हटल्यावर आईच म्हणाली, “किल्ली तिच्याकडं हाय, पोरं बाहेर उभी राहतील.” तुमच्या वर्गाची किल्ली सध्या कुणाकडे आहे?

प्रश्न : आमचे गणेशोत्सव मंडळ सांगलीत नदीजवळच्या भागात आहे. मंडळात चाळीसेक मुले आहेत, त्यांतली निम्मी 15 ते 17 वयाची. पुराच्या वेळी उपयोगी पडेल असे प्रशिक्षण घ्यावे असे ठरले आहे. लहान मुलांना यात घेता येईल का?
— एका मंडळाचे अध्यक्ष, सांगली

उत्तर : घेता येईल, परंतु पाण्यात नाही. 2005, 2019 आणि 2021 हे तिन्ही पूर आपण पाहिले आहेत. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी 40 फुटांना इशारा आणि 45 फुटांना धोका असे आपण शाळकरी मुलासारखे पाठ म्हणतो; 2019 मध्ये पाणी 57 फुटांच्याही वर गेले. त्याच पुरात 8 ऑगस्टला पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे माणसांनी भरलेली बोट उलटली आणि वाचायला निघालेली माणसे दगावली. पहिल्या उत्तरात सांगितलेल्या ज्या मुलांनी ट्यूबवर फळी बांधली त्यांच्याविषयी माझ्या मनात अपार आदर आहे. पण तसे पुन्हा कुणाला करावे लागू नये, यासाठीच आपली तयारी हवी.

18 वर्षे पूर्ण झालेल्यांसाठी राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची ‘आपदा मित्र’ ही योजना आहे. तिच्यात 18 ते 40 वयाच्या स्वयंसेवकांना 12 दिवसांचे प्रशिक्षण मिळते. पुढची तुकडी केव्हा आहे, याची चौकशी जिल्हाधिकारी कार्यालयातील आपत्ती व्यवस्थापन कक्षात करा आणि मंडळाच्या लेटरहेडवर इच्छुकांची यादी देऊन ठेवा.

18 खालच्या मुलांचे काम पूर येण्याच्या आधीचे आहे आणि ते कमी मोलाचे नाही. मे महिन्यात गल्लीतले प्रत्येक घर फिरून अंथरुणाला खिळलेली माणसे, गरोदर बाया, तान्ही मुले, एकटे राहणारे म्हातारे आणि जनावरे यांची यादी करणे. ती वहीत आणि मोबाइलमध्ये अशी दोन्हीकडे ठेवणे. रेशन कार्ड, आधार, शाळेचा दाखला, बँकेचे पासबुक हे प्लास्टिकच्या पिशवीत एकत्र बांधून दाराजवळ ठेवायला घरोघरी सांगणे. मागच्या पुराची पाणीरेषा भिंतीवर रंगाने दाखवणे. कोयना धरणातून किती पाणी सोडले याच्या अफवा मोबाइलवर तासाला फिरतात; तेव्हा प्रशासनाने दिलेला आकडाच मंडळाच्या फळ्यावर खडूने लिहिणे हे काम एका सोळा वर्षांच्या मुलाला सोपवा. प्रत्येकाच्या पालकांची लेखी संमती घ्या आणि पाणी इशारापातळीला पोहोचले की ही मुले आपापल्या घरच्यांबरोबर सर्वांत आधी बाहेर पडतील, हे आजच बैठकीत ठरवून टाका. आणखी एक गोष्ट. मंडळातल्या मुलांच्या बहिणींना या यादीच्या कामात घ्या; कोणत्या घरात कोण आजारी आहे आणि कोण बाळंतीण आहे, हे त्यांना तुमच्याहून अधिक ठाऊक असते.

प्रश्न : आमची संस्था लहान आहे. देणगीदार दर तिमाहीला वस्तीतल्या तरुणांचे फोटो मागतात, आणि ‘आधी-नंतर’ असे दाखवा म्हणतात. मुले आता कॅमेरा काढला की निघून जातात. फोटो पाठवले नाहीत तर निधी थांबेल अशी भीती आहे.
— एका संस्थेचा कार्यकर्ता, सातारा

उत्तर : मुले निघून जातात, हे तुम्हाला त्यांनी दिलेले उत्तर आहे. 18 खालच्या मुलामुलीचा फोटो पालकांच्या लेखी संमतीवाचून आणि त्या मुलाने स्वतः होकार दिल्यावाचून कुठेही पाठवू नका, आणि संमती घेताना हा फोटो कोण पाहणार आहे हे स्पष्ट सांगा. ‘आधी’चा फोटो तर कुणाचाच नको. व्यसन सोडलेल्या किंवा शाळेत परतलेल्या मुलाला आपले जुने रूप छापलेले आयुष्यभर पाहावे लागते.

देणगीदारांना तुम्ही हे पत्राने कळवा. मी अनेकदा कळवले आहे आणि समजून घेणारे अधिक भेटले आहेत. त्यांना कामाचा पुरावा हवा असतो, आणि तो द्यायलाच हवा. मुलांनी केलेली कामे, त्यांची हजेरी, झालेला खर्च आणि मुलांच्या हातचे कागद यांतून तो चेहऱ्यांपेक्षा चांगला देता येतो. वर सांगितलेल्या त्या शंभर पानी वहीतल्या एका पानाचे छायाचित्र मी एका देणगीदाराला पाठवले होते. त्यावर बॉलपेनने, शिरोरेषा न देता, एवढेच लिहिलेले होते : “मंगळवार. पाणी आले नाही. विचारायला गेलो. उद्या या म्हणाले. बुधवार. परत गेलो.”